यंदाचा विषय : पायरी

आमच्या क्लबाच्या छायाचित्रण स्पर्धेचा यंदाचा विषय आहे ‘पायरी’. डिसेंबरात तो जाहीर झाला आणि पुढच्याच रविवारी क्लबातली चार पोरं पहाटे निघून हरिहर गडावर जाऊन आली. साहजिकच आहे. नाशिकच्या माणसाला पायरी म्हटलं की आधी त्र्यंबकजवळचा तो कडाच आठवतो. कातळात खोदलेल्या, जवळजवळ उभ्या पायऱ्या आणि हाताची बोटं अडकवायला कोरलेल्या खोबणी. 1818 मध्ये इंग्रजांनी या मुलखातले किल्ले घेतले तेव्हा कितीतरी गडांच्या वाटा सुरुंग लावून उडवल्या. हरिहरच्या पायऱ्या मात्र राहिल्या. पोरांचे फोटो चांगले आले होते. मी त्यांना एवढंच म्हटलं, हे नीट जपून ठेवा, पण अजून अख्खं वर्ष आहे. आता घराबाहेर पडताना पायाखाली बघत चला.

ज्यांच्याकडे मी फोटोग्राफी शिकले त्या सरांच्या स्मृत्यर्थ ही स्पर्धा सुरू करायचं ठरलं, तेव्हा पहिला वाद या अख्ख्या वर्षावरूनच झाला होता. बहुतेक ठिकाणी विषय कळतो आणि महिनाभरात फोटो मागवतात. लोक जुनी हार्ड डिस्क उघडून बसतात, विषयात बसेल असं काही ना काही सापडतंच. आम्ही ठरवलं की एका वर्षीच्या बक्षीस समारंभात पुढच्या वर्षीचा विषय सांगायचा आणि फोटो त्यानंतर काढलेलाच हवा. म्हणजे रंगपंचमी, गोदेला येणारं पहिलं गढूळ पाणी, श्रावणातली ब्रह्मगिरीची फेरी, द्राक्षबागांची ऑक्टोबर छाटणी, हे सगळं एकच विषय डोक्यात ठेवून बघायचं. काही जण म्हणाले, इतका वेळ दिला तर लोक विसरून जातील. काही विसरतातही. पण ज्यांच्या डोक्यात तो विषय वर्षभर राहतो, त्यांचे फोटो टेबलावर मांडले की लगेच ओळखू येतात.

सर दादासाहेब फाळक्यांचं उदाहरण द्यायचे. फाळके आपल्याच मातीतले, 1870 मध्ये त्र्यंबकेश्वरला जन्मले आणि 1944 मध्ये नाशकातच गेले. पहिला मोठा चित्रपट काढायच्या आधी, 1912 च्या सुमारास, त्यांनी वाटाण्याचा दाणा रुजून त्याचा वेल होईपर्यंत रोज थोडं थोडं चित्रण केलं होतं. क्लबात नवीन कोणी आलं की सर हा वाटाणा सांगितल्याशिवाय सोडत नसत. पांडवलेण्यांच्या पायथ्याला फाळके स्मारक आहे. तिकडे गेलं की मला आधी तो वाटाणाच आठवतो.

सरांचा स्टुडिओ जुन्या नाशकात, भांडी बाजाराच्या जवळ होता. बाहेर काचेच्या कपाटात नवरा-नवरीचे फोटो, आत तळं आणि हंस रंगवलेला पडदा, त्याच्यामागे डार्करूम. पासपोर्ट फोटो, लग्नं, मुंजी, शाळेचे वर्गफोटो ही नेहमीची कामं. पण धंद्यातला मोठा वाटा माणूस गेल्यानंतर यायचा. घरात कोणी वारलं की तेराव्याच्या आत फोटो हवा असायचा. लोक एखाद्या लग्नातला ग्रुप फोटो घेऊन यायचे. मागच्या रांगेत डावीकडून चौथे आमचे दादा, तेवढे मोठे करून द्या. सर त्याची कॉपी निगेटिव्ह करायचे, एन्लार्जरखाली चेहरा मोठा करायचे, मग टोकदार पेन्सिलीने निगेटिव्हवर टचिंग. शेजारच्याचा खांदा पुसायचा, डोळ्यांखालचं काळं कमी करायचं. सकाळी घरचे यायचे, फ्रेम हातात घ्यायचे आणि पैसे विचारायच्या आधी रडायचे.

मी त्यांच्याकडे शिकायला जात होते तेव्हा एकदा असाच फोटो देऊन ते आत आले आणि म्हणाले, “अगं, हे गृहस्थ वीस वर्षं माझ्या दारावरून जात होते. ना ते कधी थांबले, ना मी थांबवलं.”

मला वाटतं, सकाळचं फिरणं त्यातूनच सुरू झालं असावं. दुकान उघडायच्या आधी तासभर ते गळ्यात याशिका अडकवून निघायचे. दोन भिंगांचा, वरून खाली बघायचा कॅमेरा तो. त्यात बघताना मान खाली असते, समोरच्याला आपल्याकडे कोणी रोखून बघतंय असं वाटत नाही. एका रोलमध्ये चौकोनी बारा फोटो. काही दिवस बारापैकी एकही काढायचा नाही. परत आले की रजिस्टर उघडायचं. गिऱ्हाइकांचं रजिस्टर वेगळं होतं, हे त्यांचं स्वतःचं. निगेटिव्हचा नंबर, जागा, वेळ, उजेड आणि काय दिसलं, बस. एका फोटोला एक ओळ.

“सराफ बाजार. पाणी ओसरल्यावर. ढगाळ. तिजोरी वाळत ठेवली आहे.” हा 1969 च्या पुराचा फोटो.

“गाडगे महाराज पूल. सात वाजता. धुकं. दूध सायकलवर, माणूस पायी.”

“तांबट आळी. दुपार. दारातून येणारा उजेड. हंड्याला झाकण बसत नाही.”

ओळी वाचल्या की फोटो बघायच्या आधीच तो माणूस कुठे उभा होता ते कळतं. स्पर्धेचा सगळा पाया या रजिस्टरात आहे. विषय त्यातूनच निघतो. सरांनी स्वतः लिहिलेल्या एखाद्या ओळीतला एक शब्द किंवा दोन-तीन शब्द उचलायचे. विषय समितीला बाहेरून काही आणायची मुभा नाही.

सुरुवातीला काहींना ‘आठवण’ हा विषय हवा होता. स्मृतिस्पर्धा आहे, पहिलं वर्ष आहे, त्यांचं म्हणणं समजण्यासारखं होतं. मी ठाम विरोध केला आणि आजही करीन. आठवण, विरह, आशा असे विषय दिले की सगळ्यांच्या मनात तीच चित्रं येतात. रिकामी आरामखुर्ची, सुरकुतलेले हात, पाण्यात सोडलेला दिवा. डोळ्यांना दिसते, हाताला लागते अशी वस्तू दिली की माणसाला घराबाहेर पडावं लागतं. विषयात शहरातल्या जागेचं नावही नको. ‘गोदाघाट’ असा विषय दिला तर रामकुंडावरची संध्याकाळची आरती शंभर कोनांतून येईल, आणि त्यातली एकही बघावीशी वाटणार नाही.

‘झाकण’ हा विषय त्या तांबट आळीच्या ओळीतून आला. नाव ऐकून काही सभासदांचे चेहरे पडले होते. वर्षअखेरीला जे आलं ते बघून मात्र मला सर हवे होते असं फार वाटलं. कुणी कांदा चाळीवर प्लास्टिकचा कागद ओढून घेणारी बाई आणली, आभाळ भरून आलेलं आणि कागदाचं एक टोक वाऱ्याने हातातून सुटलेलं. कुणी शाळेतल्या पोराच्या डब्याचं झाकण, आईने आत काय दिलंय ते शेजाऱ्याला दिसू नये म्हणून अर्धंच उघडलेलं. ज्या फोटोला बक्षीस मिळालं त्यात पहिल्या नजरेला काहीच नव्हतं. एक रस्ता, चार स्कूटर, एक भाजीची गाडी. परीक्षकांनी प्रिंट उलटी केली. मागे लिहिलं होतं, “तिवंधा. दुपार. कडक ऊन. रहाडीवर गाड्या.”

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते. नाशकात रंग खेळायचा तो रंगपंचमीला, आणि जुन्या गावात, तिवंधा चौकासारख्या ठिकाणी, त्यासाठी पेशव्यांच्या काळापासूनच्या रहाडी आहेत, जमिनीत बांधलेले दगडी हौद. त्या दिवशी उघडतात, फुलांचा रंग उकळून त्यात ओततात आणि लोक वरून धप्पकन उड्या मारतात. बाकी वर्षभर त्या लाकडी ओंडक्यांनी आणि मातीने बुजवलेल्या असतात, वरून रहदारी चालू. रंगपंचमीचे फोटो काढायला दरवर्षी तिथे कॅमेऱ्यांची गर्दी होते. या मुलाने उरलेल्या दिवसांतला एक दिवस निवडला. तो सरांना कधी भेटलेला नव्हता. आणि तरी सरांनीच काढावा असा तो फोटो होता.

2016 च्या ऑगस्टमधल्या पुरानंतर आम्ही ‘पाणी ओसरल्यावर’ हा विषय दिला. पूर आला की आपलं सगळं गाव गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतं. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, गळ्याशी आलं, यावरच पुराची चर्चा चालते. त्यापुढे नारोशंकर मंदिराच्या घंटेपर्यंत पाणी पोचलं का, हा जुन्या लोकांचा प्रश्न. 1969 चं सांगतात, 2008 चं सांगतात. पाणी चढत असतानाचे फोटो प्रत्येकाकडे असतात. आम्हाला त्यानंतरचे हवे होते, आणि एक वर्ष उलटू दिल्यामुळे ते मिळाले. भिंतीवर उरलेली पाण्याची रेघ, ती झाकायला लावलेलं नव्या वर्षाचं कॅलेंडर, आणि रेघ कॅलेंडरच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आलेली. हा फोटो ज्या बाईंनी काढला त्यांचं स्वतःचं दुकान पाण्यात गेलं होतं. परीक्षणाच्या वेळी तो टेबलावर आला तेव्हा बराच वेळ कोणी पुढचा फोटो उचलला नाही.

प्रिंटच्या मागे लिहायची ती ओळ हा आमचा एकमेव कडक नियम. शीर्षक नको, नाव नको, कॅमेऱ्याचं मॉडेल नको. जागा, वेळ, उजेड आणि काय दिसलं. सर रजिस्टरात लिहायचे तसं. आता संगणकाला दोन वाक्यं सांगितली की तो हवी तशी पायरी तयार करून देतो, वर त्यावर बसलेली म्हातारीही. त्यासाठी इतर स्पर्धांप्रमाणे आम्हीही गरज पडल्यास रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली, काहीही न बदललेली मूळ फाइल मागतो, मोबाइलचा फोटो असेल तर मूळ फाइल. पण खरी चाचणी त्या ओळीत होते. ज्याने तिथे उभं राहून बघितलंय त्याला उजेड आठवतो. परीक्षणानंतर आम्ही प्रत्येकाला त्याच्या ओळीबद्दल काहीतरी विचारतो आणि माणसं भरभरून बोलतात, कधीकधी फोटोपेक्षा जास्त.

प्रिंटचा आग्रह अनेकांना जाचक वाटतो. बारा बाय अठरा इंच, मॅट कागद, लॅमिनेशन नको. स्क्रीनवर दाखवले तर खर्च वाचेल, बाहेरगावच्यांना सोपं जाईल, हे सगळं खरं. मोठ्या सलोन स्पर्धांमध्ये, म्हणजे ठिकठिकाणचे फोटो मागवणाऱ्या छायाचित्र स्पर्धांमध्ये, हजारो फोटो येतात, तिथे पडद्यावर एकेक फोटो काही सेकंद दाखवून तीन परीक्षकांनी गुण द्यायचे हाच मार्ग आहे, आणि त्यातूनच आपल्याकडचे कितीतरी चांगले छायाचित्रकार पुढे आले. आमची गरज वेगळी आहे. आम्हाला फोटो हातात धरून खिडकीपाशी न्यायचा असतो. दोन फोटो शेजारी ठेवले की एक दुसऱ्याला मारतो किंवा उजळवतो, ते पडद्यावर कळत नाही.

परीक्षण सगळ्यांसमोर होतं. सकाळी लांब टेबलांवर प्रिंट्स मांडतात आणि पहिला तास तिघंही परीक्षक नुसते फिरतात, कोणी एक शब्द बोलायचा नाही. दुसऱ्या फेरीत प्रत्येकाने आपापल्या निवडलेल्या प्रिंट्स पुढे ओढायच्या. मग बोलायचं. तिघांपैकी एक जण छायाचित्रणाशी संबंध नसलेला असावा अशी आमची पद्धत आहे. एका वर्षी तांबट आळीतले एक कारागीर होते. एका फोटोत पितळी घागर चमकत होती, आम्हा सगळ्यांना तो उजेड फार आवडलेला. त्यांनी प्रिंट जवळ घेतली आणि म्हणाले, “घागर नवी आहे, पण हिला कोणी उचललेली नाही. कडेवर घासच नाही बघा.” फोटोसाठी बाजारातून आणून ठेवलेली होती ती. काढणाऱ्याने लगेच मान्य केलं. त्या दिवसापासून माझी फोटो बघायची पद्धत बदलली. आता मी वस्तूच्या कडा आधी बघते.

बक्षीस पैशात नाही. जिंकणाऱ्याने सरांचं रजिस्टर घेऊन बसायचं, कोणताही एक नंबर निवडायचा, आणि त्या निगेटिव्हची प्रिंट त्याला मिळते. काकूंची, म्हणजे सरांच्या पत्नींची, ही कल्पना. त्यांनी सगळी निगेटिव्ह क्लबाकडे दिली तेव्हा लाकडी पेट्यांमध्ये ती होती, काही पेट्या उघडल्यावर आंबूस वास आला. जुन्या फिल्मचा तो आजारच आहे. फिल्मचा ॲसिटेट नावाच्या प्लास्टिकचा आधार सडायला लागला की त्यातून व्हिनेगरसारखं आम्ल सुटतं, एकीला लागलं की शेजारणीलाही लागतं. फिल्म कुरळी होते, आकसते, वरचा थर सुटतो. आजारी रोल वेगळे काढले, प्लास्टिकची पाकिटं फेकून कागदी केली, कोरड्या कपाटात सिलिका जेलसोबत ठेवली. पावसाळ्यात बुरशीची भीती असतेच. आता दर शनिवारी दोघं-तिघं बसून स्कॅन करतात. जे स्कॅन व्हायच्या आधीच गेलं ते गेलं. रजिस्टरात त्याची ओळ तेवढी आहे.

लोक कुठला नंबर निवडतात हे बघण्यासारखं असतं. मला वाटायचं सगळे पुराचे किंवा घाटाचे फोटो मागतील. बहुतेक जण आपल्या गल्लीचा मागतात. आपल्या आळीचं नाव रजिस्टरात शोधतात आणि तिथे काय होतं ते बघून गप्प होतात.

मधल्या काळात स्पर्धा मोठी करायचा विषय निघाला होता. एक प्रायोजक तयार होता, रोख बक्षिसं, राज्यभरातून प्रवेशिका, नावात त्यांचं नाव. निधीची आम्हाला नेहमीच चणचण, त्यामुळे कार्यकारिणीत मतं दोन्हीकडे होती. मी बोलले ते असं, की विषय सरांच्या फिरण्यातून येतो आणि त्यांचं फिरणं या गावातलं. कोल्हापूरच्या माणसाने कोल्हापुरात त्यांच्या तिथल्या कुणाच्या तरी रजिस्टरातून असं काही सुरू करावं, आम्ही लागेल ती मदत करू. प्रस्ताव बारगळला. हा निर्णय बरोबर होता असं मला दरवर्षी जास्त वाटतं.

काकू दरवर्षी येतात. पहिल्या वर्षी आम्ही व्यासपीठावर सरांचा मोठा फोटो ठेवला होता, बाजूला हार आणि समई. काकूंनी हार उचलून खाली ठेवला. “यांनी जन्मभर हारातलेच फोटो केले. यांना नको.” तेव्हापासून तिथे रजिस्टर ठेवतो, त्या वर्षीच्या ओळीचं पान उघडून.

सरांना जाऊन बरीच वर्षं झाली. क्लबात आता त्यांना ओळखणारे कमी आणि न ओळखणारे जास्त आहेत. मला याची काळजी वाटायची. आम्ही त्यांच्या गोष्टी सांगायचो आणि नवी मुलं आदराने ऐकायची, पण आदराने ऐकणं म्हणजे काय हे शिक्षकांना विचारा. गेल्या वर्षी म्हणून आम्ही विषय निवडायचं काम पहिल्यांदाच अशा एकीकडे दिलं जिने सरांना पाहिलेलं नाही. कॉलेजात शिकते, शनिवारच्या स्कॅनिंगला नियमाने येते, त्यामुळे रजिस्टर तिने आमच्यापेक्षा जास्त वाचलंय. तिने ‘पायरी’ सुचवली.

जुनी मंडळी लगेच म्हणाली, फार सोपा आहे. घाट आहे, लेणी आहेत, सप्तशृंगीचा गड आहे, नाशकात पायऱ्यांना काय तोटा. सरांनी हा निवडला नसता, असंही एक जण म्हणाले. तिने वाद घातला नाही. रजिस्टर उघडून बोट ठेवलं.

“दवाखान्याची पायरी. अकरा वाजता. सपाट उजेड. आत जायला तयार नाही.”

निगेटिव्ह तिनेच स्कॅन केलेली होती. फोटोत एक माणूस पायरीवर बसलाय, चप्पल काढून शेजारी नीट लावून ठेवलेली, जशी देवळाबाहेर लावतात. ती म्हणाली, “मला सरांबद्दल तुम्ही सांगता तेवढंच माहीत आहे. पण ते इथे किती वेळ थांबले असतील याचा मी अंदाज करू शकते. आधीच्या फोटोत या माणसाच्या पायात चप्पल आहे.”

आम्ही वर्षानुवर्षं ते रजिस्टर हाताळतोय. शेजारच्या दोन नंबरांमधला वेळ मोजायचं आमच्यापैकी कुणालाही सुचलं नव्हतं. काकूंनी चष्मा लावून दोन्ही स्कॅन पाहिले आणि तिला विचारलं, आधीच्या फोटोत चहाची गाडी दिसते का. दिसत होती. “मग तिथेच उभे असतील चहा घेत,” काकू म्हणाल्या, “निदान अर्धा तास.”

विषय एकमताने मंजूर झाला. प्रिंट्स नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारपर्यंत द्यायच्या आहेत, एकाने जास्तीत जास्त दोन. मोबाइलवर काढलेला फोटो चालतो, क्लबाचं सभासद असायची गरज नाही, शाळकरी मुलांना प्रिंट क्लबाकडून करून मिळेल. मागची ओळ पेनाने, स्वतःच्या अक्षरात लिहा.